गुळाने न मरणारे

जयवंत पेंडुरकरांना गोड आवडत नाही. माणसाचं चरित्र सांगताना पहिल्या वाक्यात घालावी अशी ही गोष्ट नव्हे. पण त्यांच्याबद्दल दुसरं काही सांगण्यासारखं नाही असं त्यांच्या कंपनीचं मत आहे, तेव्हा इथूनच सुरुवात केलेली बरी. स्वतःच्या लग्नात त्यांनी जिलेबी पानाच्या कडेला सरकवली होती आणि सासरच्यांनी त्याचा अर्थ मुलगी पसंत नाही असा लावला होता. मुलगी, म्हणजे मालन, मात्र शहाणी निघाली. गेली तीस वर्षं ती गणपतीत मोदक फोडून सारण आपल्या ताटात घेते आणि नुसती पारी नवऱ्याला देते. बाप्पाची त्याला हरकत दिसत नाही.

पोटापाण्यासाठी जयवंतराव झुरळं मारतात. राहायला विक्रोळीला कन्नमवारनगरात, कामाला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या एका गाळ्यात 'सुखनिवास पेस्ट सर्व्हिसेस' नावाची कंपनी आहे. नाव झुरळांना उद्देशून नसावं. सत्तावीस वर्षं त्यांनी मुलुंड ते घाटकोपर अशी हजारो स्वयंपाकघरं पाहिली, आणि वरून चकाचक दिसणाऱ्या घरात सिंकखाली काय असतं यावर त्यांनी आजवर कुठे तोंड उघडलेलं नाही. यालाच ते धंद्यातली इभ्रत म्हणतात.

पूर्वी पाठीवर पंप घेऊन फवारणी करायची, घरातल्यांनी नाकाला पदर लावून दिवसभर बाहेर बसायचं. बारा वर्षांपूर्वी जेल आलं. इंजेक्शनच्या नळीसारख्या नळीत तपकिरी, गोड लगदा. कपाटाच्या बिजागरीत, ओट्याच्या फटीत त्याचे मसुराएवढे ठिपके लावायचे. झुरळ साखरेच्या ओढीनं येतं, चाटतं, घरी जाऊन मरतं. मालक नंदकिशोरशेठ तेव्हा इतके खूश झाले की त्यांनी कंपनीच्या कॅलेंडरवर म्हणच छापली: जो गुळाने मरतो त्याला विष कशाला? गुळात विष होतंच, पण कॅलेंडरवर तेवढी जागा नसावी.

पुढे शेठ थकले आणि त्यांचा मुलगा देवव्रत परदेशातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन गाळ्यात अवतरला. त्यानं कॅलेंडर उतरवलं आणि त्या खिळ्यावर पाटी लावली: 'बदलाल तर टिकाल'. खिळा मात्र जुनाच ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं की कंपनीत पाच जुनी माणसं आहेत, पाचही कायम आहेत आणि त्यांना सरळ काढता येत नाही. पण एवढं शिकून आलेला मुलगा, तो थोडाच सरळ जाणार?

त्यानं एकेकाला केबिनमध्ये बोलवायला सुरुवात केली. टेबलावर काजूकतलीचा डबा. आधी तोंड गोड करा काका, तुमच्यामुळेच कंपनी उभी आहे, तुम्ही आता पाठीवर ओझी वाहायची नाहीत, तुम्ही आमचे 'मानद सल्लागार'. खाली सही करा. त्या पाचांतला माणिक गहिवरला, त्यानं दोन वड्या खाल्ल्या आणि सही केली. बाकीच्या तिघांनीही केली. महिनाभरानं त्यांना उमगलं की मानद म्हणजे बिनपगारी, आणि सल्लागार म्हणजे ज्याला कुणी सल्ला विचारत नाही तो. देवव्रतनं आयुष्यात एकही झुरळ मारलेलं नव्हतं, पण जेल कसं लावतात हे त्याला उपजतच येत होतं.

जयवंतरावांची पाळी आली तेव्हा डबा पुढे सरकला, आणि त्यांनी सवयीनं तो मागे सरकवला. मला गोड चालत नाही, म्हणाले. देवव्रतला वाटलं साखरेचा आजार आहे. त्यावर तो आपुलकीनं पाच मिनिटं बोलला, मेथीचं पाणी सुचवलं, तेवढ्यात बाहेर कुणी गिऱ्हाईक भांडायला आलं आणि कागद राहून गेला. पुढच्या खेपेस पेढे होते. तिसऱ्या खेपेस सुक्या मेव्याचे बिनसाखरेचे लाडू होते, तेही खजुरामुळे गोडच. जयवंतराव काही धोरणानं वाचले नाहीत. त्यांना ते लाडू खरंच आवडत नव्हते, एवढंच.

साखर चालेना तेव्हा देवव्रतला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि ते मुलुंडहून आलं. तिथल्या एका नव्या टॉवरमध्ये जयवंतरावांनी जेल लावलं आणि आठवड्यात तक्रार आली की झुरळं तशीच. पुन्हा लावलं, पुन्हा तक्रार. तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा देवव्रतनं सगळ्यांसमोर विचारलं की काका, जेलमध्ये पाणी घालता का हो? चांगलं जेल बाहेर जातं का? आणखी एक तक्रार आली की त्या कागदावर 'सल्लागार' नसेल, 'कामात लबाडी' असेल, हेही त्यानं हसत सांगितलं.

त्या दिवशी जयवंतराव घरी जेवले नाहीत. नोकरी जाते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. वडिलांची गिरणी गेली तेव्हा ते नववीत होते. पण वडील घरी आले ते निदान नाव शाबूत घेऊन. सत्तावीस वर्षांनी चोर म्हणून बाहेर पडायचं, हे त्यांना सोसणार नव्हतं. मालननं ताट झाकून ठेवलं.

चौथ्या खेपेला ते टॉवरमधल्या सगळ्यात जास्त बोलणाऱ्या घरात गेले. शर्मिष्ठा टेंबे, निवृत्त प्राध्यापिका, विषय जीवशास्त्र, तीस वर्षं कॉलेजात शिकवलेलं. विद्यार्थी संपले तरी शिकवणं थांबलेलं नव्हतं, त्यामुळे दूधवाल्यालाही गाईच्या चार पोटांची माहिती होती. जयवंतरावांनी बिजागरी उघडून दाखवली. जेलचा ठिपका जसाच्या तसा सुकलेला, आणि त्याच्या बाजूला दोन झुरळं आरामात बसलेली.

"बाई, यांना औषधाची सवय झालीय," ते म्हणाले. हे वाक्य धंद्यातला प्रत्येक माणूस म्हणतो.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं परीक्षेच्या पेपरात त्यांनी याच वाक्याला शून्य दिलेलं होतं.

"सवय नाही, जयवंतराव. सवय एकट्या जिवाला लागते, आणि तो मेला की सवयही गेली. शंभर झुरळांत दोनचार अशी असायची की ज्यांना जन्मतःच गोड कडू लागतं. तुमच्या जेलच्या आधी ती बिचारी अर्धपोटी राहायची. तुम्ही गोड खाणारी सगळी मारलीत. मग घर कुणाला उरलं? त्या दोनचारांच्या पोरांना."

जयवंतरावांनी बिजागरीतल्या दोघांकडे बोट केलं.

"म्हणजे ही झुरळं मीच निवडून ठेवली?"

"तुम्हीच. बारा वर्षं, ठिपका ठिपका करून."

एवढ्यावर थांबतील त्या टेंबेबाई कसल्या. सगळंच काही निवडीनं होत नाही, त्या म्हणाल्या. हा टॉवर तीन वर्षांपूर्वी कोरा होता. कुणाच्या तरी जुन्या घरच्या सामानाच्या खोक्यातून एखादी पोटुशी मादी आली असेल. ती गोड न खाणारी निघाली, म्हणून हा अख्खा टॉवर गोड न खाणारा. खोक्यात दुसरी शिरली असती तर तुमचं जेल इथे झकास चाललं असतं आणि तुम्ही हुशार ठरला असता. त्यात त्या झुरळाचं कर्तृत्व काही नाही आणि तुमचा दोषही काही नाही.

दोष नाही, हे शब्द जयवंतरावांना कुणी सांगून फार दिवस झाले होते. त्यांनी पिशवी आवरण्याच्या निमित्तानं मान खाली घातली.

प्रश्न उरला तो हा, की यांना गोड नको तर हवं काय? उत्तर जयवंतरावांना शोधावं लागलं नाही. घरी जाऊन त्यांनी फळीवरचा सुकटीचा डबा काढला. गावाहून आलेली सुकी, बारीक कोळंबी, भाजून खोबऱ्याबरोबर जिच्यावर ते आयुष्यभर दोन भाकऱ्या जास्त खात आले होते. ती त्यांनी मिक्सरला लावली. मालन दारात उभी राहिली.

"सुकट झुरळांका घालतास? आणि आमी काय खावचा?"

त्यांनी तिला कारण सांगितलं, पाण्याच्या आरोपासकट सगळं. मालननं पूर्ण ऐकून घेतलं, मग स्वतःच डब्यातली आणखी एक मूठ काढून दिली.

आता अडचण अशी की टॉवर शाकाहारी होता. नियमात लिहिलेलं नव्हतं, पण लिफ्टमध्ये लोक वास घ्यायचे. टेंबेबाईंच्या घरात तर तीन पिढ्यांत अंडंही आलेलं नव्हतं. त्यांनी क्षणभर देवघराकडे पाहिलं, मग विज्ञानाकडे पाहिलं, आणि देवघराचं दार लावून घेतलं. देवव्रतला निरोप गेला की चौथी तक्रार आहे, समक्ष या. तो लगबगीनं आला, पेन घेऊनच.

भर दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर चादर टाकून अंधार केला. ओट्यावर बाटलीची दोन झाकणं ठेवली. एकात औषधाच्या दुकानातल्या ग्लुकोजचं पाणी, दुसऱ्यात कणकेत मळलेली सुकट, त्यात बोरिक पावडर. लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या, झुरळांना न दिसणाऱ्या उजेडात तिघंही श्वास धरून बसले. पहिलं झुरळ ग्लुकोजपाशी गेलं, तोंड लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे उडालं. दुसरंही तसंच. मग दोन्ही वळली आणि सुकटीकडे निघाली. अर्ध्या तासात झाकणाचा काठ दिसेनासा झाला. बाईंनी नाकाला पदर लावला होता, पण त्यांचे डोळे पाणावले होते. तीस वर्षं खडूनं फळ्यावर काढलेली गोष्ट त्यांनी आज पहिल्यांदा स्वतःच्या ओट्यावर पाहिली होती.

आठवडा संपेपर्यंत ते स्वयंपाकघर साफ झालं. पाठोपाठ सगळा टॉवर. देवव्रतनं सुकटीच्या गोळ्यांना 'सागरी प्रथिन उपचार' असं नाव दिलं, म्हणजे शाकाहारी लोकांना विचारावं लागणार नाही आणि सांगावंही लागणार नाही. पाण्याच्या आरोपाबद्दल त्यानं माफी मागितली नाही. त्याऐवजी सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यानं पाटीखाली उभं राहून भाषण केलं. झुरळंसुद्धा बदलली, म्हणून टिकली, तो म्हणाला. आपले पेंडुरकर काकाही या वयात बदलले. माणिककाका वगैरे मंडळी बदलू शकली नाहीत, वाईट वाटतं, पण निसर्गाचा नियमच आहे.

जयवंतराव मीटिंगमध्ये कधी बोलत नसत. त्या दिवशी उठून उभे राहिले.

"साहेब, एकही झुरळ बदललेलं नाही. ज्यांना गोड आवडायचं ती मेली, बस. उरली ती आधीपासूनच तशी होती, त्यात त्यांची काही हुशारी नाही. आणि माणिक माझ्यापेक्षा चांगला कामगार होता. त्याला फक्त काजूकतली आवडायची."

देवव्रतनं पाण्याचा घोट घेतला आणि दुसरा विषय काढला. जयवंतराव खाली बसले. त्यांना वडील आठवले. वडीलही बदलले नाहीत म्हणून लोक बोलायचे. शेजारचा एक जण बदलला म्हणून टिकला म्हणायचे, आणि तो टिकला तो एवढ्यावर की गिरणीच्या संपाआधी तापानं गावी गेला आणि तिथेच त्याला शाळेत शिपायाची जागा मिळाली. चाळीस वर्षं जयवंतरावांनी वडिलांना मनातल्या मनात दोष दिला होता. तो त्यांनी त्या खुर्चीत बसल्या बसल्या मागे घेतला. वडील असायला हवे होते, असं त्यांना फार वाटलं.

देवव्रत मूर्ख नव्हता. मुलुंडच्या ओट्यावर जे पाहायचं ते त्यानं नीट पाहिलं होतं. पंधरा दिवसांनी त्यानं जयवंतरावांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर या वेळी मिठाईचा डबा नव्हता. केळीच्या पानावर रवा लावून तळलेले बोंबील होते, सात की आठ, अजून वाफ येत असलेले, बाजूला लिंबाची फोड. आणि पानाखालून अर्धा डोकावणारा तोच जुना कागद.

"खास तुमच्यासाठी मागवले काका," देवव्रत म्हणाला. "आधी खा. मग बोलू."

जयवंतरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच सुटलं. नको म्हणावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही, कारण आवडनिवड कुणाला बदलता येत नाही, हे त्यांनी स्वतःच भर सभेत सांगितलं होतं. ते वाफेकडे बघत होते आणि त्यांना मुलुंडचं ते झाकण दिसत होतं. देवव्रतला साखर सोडून सुकट लावायला कुणी शिकवलं, हेही दिसत होतं.

त्यांनी पानाखालचा कागद हळूच ओढून काढला. देवव्रतनं पेनाचं टोपण उघडलं. जयवंतरावांनी कागद टेबलावर सरळ पसरला, त्यावर एकेक करून सगळे बोंबील ठेवले, लिंबाची फोड ठेवली, आणि चारी बाजूंनी नीट घडी घालून पुडी बांधली. 'मानद सल्लागार' या अक्षरांवर तेल पसरत गेलं.

"मालनला फार आवडतात," ते म्हणाले. "घरी नेतो."

दुपारी त्यांची घाटकोपरला ट्रीटमेंट होती. पुडी त्यांनी जेलच्या पिशवीत न ठेवता वेगळ्या पिशवीत ठेवली, आणि जाताना कॅलेंडरच्या जुन्या खिळ्यावरची पाटी तिरकी झाली होती, ती सरळ करून गेले.