शिगेनोमावशीची बेस गिटार

माझी शिगेनोमावशी किर्यूच्या एका रेशीम कारखान्यात मागावर होती, तेव्हा सगळ्या जपानला बँडवाल्या पोरांनी वेड लावलं होतं. कपाळावर झुलणारे केस, झालरीचे शर्ट, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आणि गाण्यांत सारखं धुकं, आसवं, नाही तर कुठली तरी हरवलेली राजकन्या. वडीलधाऱ्यांच्या मते पोरं बिघडायला तेवढं पुरे होतं. आमच्या शाळेत इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याचं नाव काढून टाकत.

तरी आमच्या गावात चौघांनी बँड काढलाच. नाव ठेवलं ‘ब्लू शटल्स’, म्हणजे निळे धोटे. विणकरांच्या गावाला शोभेल असं. गायचा नोबोरू काकिझाकी, कारखान्याच्या मालकाचा मुलगा. सराव चालायचा मागांच्या शेडमध्येच, कारण त्या खडखडाटात गिटारीचा आवाज रस्त्यावर जात नसे. मावशीचा माग नेमका त्यांच्या शेजारी. हात धाग्यांवर, कान गिटारीवर. गाणाऱ्यापेक्षा तिला आवडायचा तो बेस गिटारीचा खालचा, जाड सूर. कानाला कळायच्या आधी तो पोटाला कळतो, असं ती म्हणायची.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने बँडमधल्या उचियामाची बेस गिटार उचलून गळ्यात अडकवली.

“अगं, मुलींनी खाली उभं राहून किंचाळायचं असतं,” नोबोरू म्हणाला.

“मला नाही येत किंचाळता.”

“मग बेशुद्ध पड.”

सगळे हसले. मावशीही हसली आणि गिटार जागेवर ठेवून पुन्हा मागावर बसली. त्यांच्या कोटांचं निळं कापड मात्र तिनेच विणलं.

ते वेड आलं तसंच भर्रकन ओसरलं. पोरांनी केस कापले, नोकऱ्या धरल्या. पुढे कारखानाही बंद पडला आणि नोबोरूने लोणच्यांचं दुकान टाकलं. मावशीने तोकुजीकाकांशी लग्न केलं. त्यांचं उदोनचं दुकान होतं, रश्श्यातल्या जाड शेवयांचं. ते पीठ पायाने तुडवून मळावं लागतं, आणि ते काम मावशीकडे. तुडवताना ती गुणगुणायची, पण गाण्याची चाल नव्हे, बेसचा खालचा सूर. डुम, डुम, डु-डु-डुम. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, बाई काहीतरी मोजतेय.

दोन्ही मुली सासरी गेल्या, सत्तरी उलटली, आणि एक दिवस मावशी जुनी बेस गिटार विकत घेऊन आली.

काकांनी ती उलटसुलट पाहिली. “हे काय? शेवया वाळत घालायला?”

“वाजवायला.”

“कोण वाजवणार?”

“तुम्ही तर नक्कीच नाही.”

काकांनी जरा विचार केला. “दुपारी दुकान मिटल्यावर वाजव. नाही तर माझा रस्सा बिघडायचा.”

तिने शिकवणी लावली. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. आम्हा भाचरांना वाटलं, महिनाभराचा नाद आहे. तिने काही तो सोडला नाही.

इकडे ब्लू शटल्सचे म्हातारे पुन्हा जमले होते आणि दर शरदात नगरसभागृहात जुनी गाणी वाजवत. त्या वर्षी उचियामा लेकीकडे सेंदाईला राहायला गेला. नोबोरू तोंड पाडून उदोन खायला आला. मी शेजारच्याच टेबलावर होते.

“यंदा कार्यक्रम नाही,” तो काकांना म्हणाला. “बेस नाही तर खाली पायच नाही गाण्याला.”

मावशी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. “मी वाजवते.”

“शिगेनोसान, चेष्टा नका करू.”

ती आत गेली, गिटार घेऊन आली आणि त्याच्या वाडग्यासमोर उभी राहून वाजवू लागली. त्यांचंच गाणं, पहिल्या सुरापासून. नोबोरूच्या जेवणाच्या काड्या हवेत थांबल्या.

“शेवया फुगतायत,” काका म्हणाले.

“फुगू देत.” तो हलकेच गाऊ लागला. गाणं संपल्यावर त्याने काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, “मी तेव्हा काय म्हणालो होतो, आठवतं तुम्हाला?”

“बेशुद्ध पड म्हणालात.”

“तेवढं सोडून बाकी सगळं करा. गुरुवारी सराव आहे.”

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पोरीबाळी असताना ज्यांना घरात कोंडलं होतं, त्या सगळ्या आज्या नोबोरूच्या नावाचे हातपंखे घेऊन आल्या होत्या. मावशी निळ्या कोटात मागे उभी राहिली. सुरुवातीला ती नुसती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. तिसऱ्या गाण्याला तिने मान वर केली आणि मग ती खाली गेलीच नाही.

शेवटच्या गाण्यात नोबोरू जुन्या सवयीने एका गुडघ्यावर बसला. आज्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. कडवं संपलं, पण नोबोरूला उठता येईना. तो हसत होता, पण कपाळाला घाम फुटला होता. ड्रमवाला गोंधळला, गिटारवाला थांबला. मावशी थांबली नाही. तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, तसाच ठेक्यात वाजवत ती नोबोरूपाशी गेली आणि वाकून म्हणाली, “बसूनच गा. मी आहे.”

ड्रमवाल्याने तिचा ठेका धरला. नोबोरू दुसऱ्या गुडघ्यावरही टेकला आणि शेवटचं कडवं तसंच गायला, शेजारी मावशी उभी. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या थांबेनात. मावशी लाजून इतकी लाल झाली, की शेवटचा सूर जरा चुकलाच. पहिल्या रांगेत तोकुजीकाका उभे राहून, मुळीच ताल न धरता, टाळ्या पिटत होते.

बाहेर बायकांचा गराडा पडला तो नोबोरूला सोडून मावशीला. एका आजीने तिची बोटं धरून घट्टे चाचपून पाहिले.

“दुखतं का?”

“पहिले काही दिवस.”

“मग मला पण शिकव,” आजी म्हणाली. “पण मला ते ढोल वाजवायचेत.”

हल्ली दुपारी उदोनचं दुकान मिटलेलं असलं तरी आतून आवाज येत असतो. ढोलवाली आजी भलतीच जोरात बडवते. काका कानात कापूस घालून दुसऱ्या दिवशीचा रस्सा ढवळत बसतात आणि कोणी विचारलंच तर सांगतात, “बायकोचा बँड आहे.”