अक्कांची तेलाची बाटली

मधल्या सुट्टीत फोन आला. ताडकळसहून अक्कांचा मुलगा बोलत होता. "मामी, आई गेली…" एवढंच म्हणाला. पूर्णेला शिकवते त्या शाळेतून मी तशीच निघाले. बसमध्ये बसल्यावर डोक्यात एकच घोळत होतं, अक्कांची माफी मागायची राहून गेली. दीड महिना झाला, अजून तेच घोळतंय.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. खोबरेल तेलावर त्यांची फार श्रद्धा. डोकं दुखू दे, परीक्षा असू दे, कुणी गावाला निघू दे, टाळूवर चपचपीत तेल थापल्याशिवाय त्या उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. आम्ही चेष्टा केली की चेष्टा करणाऱ्याचा नंबर आधी लागायचा.

आमच्या सोहमचा मूत्रमार्ग जन्मतःच अपुरा होता. तो पाच वर्षांचा असताना संभाजीनगरला त्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि काही दिवसांतच नव्याने बसवलेली कातडी काळपट पडायला लागली. ती जगली नाही तर सगळं पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, दाबाच्या बंद खोलीत शुद्ध ऑक्सिजन देऊन बघू, जखमेला मदत होईल. खात्री मात्र दिली नाही. लेकराबरोबर आत कुणीतरी बसायला हवं होतं, आणि मला सातवा महिना, म्हणून मनाई. अक्का कापसाची वेचणी टाकून आल्या. आत फक्त सुती कपडे चालतात हे कळल्यावर म्हणाल्या, "मंग काय, आमी कापसातलीच मानसं हाओत."

पहिल्याच दिवशी मी कागदांवर सह्या करत होते, तेवढ्यात इकडे अक्कांनी सोहमचं डोकं तेलाने माखलं. एवढ्या मोठ्या कामाला कोरड्या डोक्याने कसं पाठवायचं! दारावरच्या माणसाने केसांतून बोट फिरवलं आणि दोघांना मागे फिरवलं. ऑक्सिजनच्या खोलीत तेल म्हणजे आगीची भीती. डोकं धुऊन येईपर्यंत पाळी गेली, पुढची दुसऱ्या दिवशी. मी भर व्हरांड्यात ओरडले, "तुमच्या तेलापायी माझ्या लेकराचा दिवस गेला. आता काही झालं ना, तर तुम्हाला…" वाक्य अर्धंच राहिलं. तेल लावू नका, असं लिहिलेला सूचनांचा कागद आदल्या दिवसापासून माझ्याच पर्समध्ये होता. मी तो अक्कांना वाचून दाखवला नव्हता, आणि हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

अक्कांनी नळाखाली बसून स्वतःचं डोकं शिकेकाईने खसाखसा धुतलं. मग वीस दिवस दवाखान्याचा सुती झगा घालून त्या रोज सोहमसोबत आत बसल्या. मी गोल काचेतून बघायचे. दाब वाढला की कानांत दडे बसायचे, सोहम रडकुंडीला यायचा. मग अक्का मान पुढे करून घटकन गिळून दाखवायच्या, आणि त्यांचं बघून तोही गिळायचा. त्यांचे केस कधी नव्हे ते कोरडे, पिंजारलेले… मला बघवायचं नाही, पण माफी मागायला जीभही उचलायची नाही.

कातडी हळूहळू गुलाबी झाली. लघवीची नळी निघाली आणि सोहमची पहिली सरळ धार पडली, तेव्हा अक्का बाथरूमच्या दाराशी तोंडाला पदर लावून रडल्या. नेमकं कशाने साधलं हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. माझ्यापुरतं विचाराल तर ते अक्कांनी साधलं.

तेल पुन्हा सुरू झालं, पण सोहमच्या डोक्याला हात लावण्याआधी त्या माझ्याकडे बघून विचारायला लागल्या, "लावू का गं?" पाच वर्षं, दर वेळी. मी "काय अक्का तुमचं!" म्हणून हसण्यावारी न्यायचे. त्या का विचारतात ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी ताडकळसला पोचले तेव्हा बायका शेवटच्या आंघोळीची तयारी करत होत्या. कुणीतरी तेलाची वाटी माझ्या हातात दिली. मी अक्कांच्या कानाशी वाकून विचारलं, "लावू का, अक्का?" एका बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांची अर्धी उरलेली बाटली मी घरी आणली. गेल्या रविवारी सोहमला पुढ्यात बसवलं, झाकण उघडलं, आणि तोंडून आपोआप निघालं, "लावू का रे?"

"आत्यासारखं काय विचारायलीस?" तो मान खाली घालत म्हणाला, "लाव की."

लाव की… एवढंच तर म्हणायचं होतं मला अक्कांना, पाच वर्षांत एकदा तरी.