माशाची पावडर आणि माझा अंबाडा

गेल्या वर्षी चैत्रात मला सणसणीत ताप आला आणि ज्येष्ठात केसांनी घर सोडायला सुरुवात केली. एकेकटे नव्हे, झुंडीनं. फणीत केस, उशीवर केस, एकदा तर नवऱ्याच्या वरणात. त्यानं तो ताटाच्या कडेला असा मांडून ठेवला, जणू पंचनामा व्हायचाय. "तुझाच," तो म्हणाला, आणि पुरावा म्हणून स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

केस गेले तर गेले, म्हणणाऱ्यांतली मी नाही. लालबागच्या आम्हा बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा चमू आहे आणि त्याची पुढारी मी. श्रावण लागला की दादर, परळ, गिरगाव, जिथं नवी नवरी तिथं आम्ही. नऊवारी, नथ, मानेवर गच्च अंबाडा, त्यावर गजरा. पुढं उभं राहून खेळ पुकारायचा मान माझा, कारण माझा आवाज पार चिंचपोकळीच्या पुलावर ऐकू जातो. पण अंबाडाच नसेल तर पुढं कुठल्या तोंडानं उभी राहू? गंगावन लावून पाहिलं. तालमीत फुगडीच्या तिसऱ्या गिरकीला ते सुटलं आणि ढोलकीवालीच्या मांडीत जाऊन पडलं. ती उंदीर समजून ढोलकीसकट पळाली. मी हसून हसून खाली बसले, आणि घरी येऊन रडले. पुढची जागा टिकवायची तर केस स्वतःचेच हवेत, एवढं कळलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तापानंतर जातात असे. काही महिन्यांत आपोआप येतील. रक्त तपासू, लोह कमी असलं तर गोळ्या देतो, जेवा नीट." काही महिन्यांत! श्रावण काय डॉक्टरांना विचारून लागतो?

अशा वेळी माझी धाकटी जाऊ डबा घेऊन आली. ती परळला राहते आणि खेळात माझ्या मागं, दुसऱ्या रांगेत असते. डबा निळाशार. त्यावर लाट, लाटेवर बाई, बाईचे केस वाऱ्यावर.

"वहिनी, हे समुद्रातलं आहे. खोल पाण्यातल्या माशांच्या कातडीचं कोलाजन, वर शेवाळ. सकाळी कोमट पाण्यातून एक चमचा. मग बघाच."

मला लगेच शंका आली. पहिली माशांबद्दल. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. माझ्या वडिलांनी जन्मभर दोन्ही वेळा मासे खाल्ले, डोकी चोखून खाल्ली, तरी तिशीतच त्यांचं स्वतःचं डोकं पापलेटासारखं चकाकायला लागलं. मासे खाऊन केस उगवत असते, तर आमच्या गावात माणसं कमी आणि अस्वलं जास्त दिसली असती.

दुसरी शंका जावेबद्दल. मी मागं सरले तर पुढं कोण येणार? हीच. मग ही माझ्या केसांना खत का घालतेय?

"तू घेतेस का गं?"

"मी ना? अहो, म्हणून तर..." असं म्हणून तिनं ओढणी सावरली आणि चहा मागितला.

ते 'म्हणून तर' माझ्या घशात काट्यासारखं अडकलं. तरी पावडर घ्यायला लागले. गरज माणसाला काय काय प्यायला लावते! सुकटीचा डबा उन्हात उघडा राहावा, तसा वास. नाक दाबून प्यायचं आणि आरशापुढं भांग न्याहाळायचा. सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मजा बघायच्या. "काय गो, बांगडो आता पिऊक लागलंस?"

मग आषाढी अमावास्या आली. त्या दिवशी आमच्याकडे मासळीचा तवा घासून माळ्यावर चढतो, तो थेट गणपती गेल्यावर उतरतो. सासूबाईंनी तवा माझ्या हातात दिला, मग डबा उचलून फिरवून बघितला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण पाकिटावरची खूण शाकाहारी की मांसाहारी, हे बरोबर कळतं.

"ह्येच्यार तांबडी खूण आसा."

"आई, औषध आहे ते."

"औषधाक अशी खूण कित्याक? ह्यो मासोच. चढव वर."

चढवला. आणि तिथंच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जाऊही श्रावण कडक पाळते. मग आता ती हे पिणार कशी? की मुळात पीतच नव्हती? दुसऱ्या दिवशी दुपारी न कळवता तिच्या दारात उभी राहिले.

तिनं दार उघडलं ते मोकळ्या, ओल्या केसांनी. तिचा भांग माझ्याहून रुंद! नजर खिडकीकडे गेली. तिथं दोरीवर एक लांबसडक, काळाभोर शेपटा चिमट्याला लटकत होता.

"हे काय?"

"केस."

"ते दिसतंय. तिथं काय करताहेत?"

"वाळत घातलेत, वहिनी."

शोकेसमध्ये निळा डबा होता. उचलून बघितला. सील जसंच्या तसं.

"रोज पितेस ना गं?"

"पिणारच होते. म्हटलं, आधी तुम्हाला गुण येतोय का बघू."

"म्हणजे माझ्यावर प्रयोग?"

"प्रयोग काय म्हणता! थोरल्या तुम्ही. घरात पहिला मान कुणाचा?"

मी चिडायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं हसू. तीही हसत सुटली. "आणि तुमची जागा मला कशाला हवी?" डोळे पुसत ती म्हणाली. "पुढं फुगडी घालावी लागते. हे गंगावन डोक्यावर ठेवून?" तेव्हा उमगलं, फुगडी आली की हिला नेमकी तहान का लागते ते.

पहिला खेळ दादरला होता. सासूबाईंनी माझे उरलेसुरले केस काळ्या दोऱ्यानं आवळले, सुपारीएवढा अंबाडा झाला. "आसत तितके तुझेच आसत," त्या म्हणाल्या आणि गजरा खोचला. मी पुढं उभी राहिले. खुर्च्यांवरच्या दोन बायका माझ्या मानेकडे बघून कुजबुजल्या. मी त्यांचेच हात धरून त्यांना फुगडीला ओढलं. गरगर फिरताना कुणाला कुणाची मान दिसत नाही.

श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारी गिरगावात खेळ होता. जाऊ मला गजरा माळता माळता थबकली.

"वहिनी, कपाळाशी हे काय?"

आरशात बघितलं. दात घासायच्या ब्रशसारखे आखूड, ताठ, नवे केस!

"डॉक्टर म्हणालेच होते," मी म्हटलं.

ती माझ्या चेहऱ्याजवळ आली. डोळे बारीक केले. चक्क वास घेतला.

"खरं सांगा. चोरून पिताय ना? श्रावणात?"

"अगं, काहीतरीच काय!"

"मग आले कुठून? आईंना माहितीय का?"

मंगळागौरीची शपथ घेऊन टाकता आली असती, आणि ती खरीही ठरली असती. पण महिनाभर मी हिच्यावर संशय घेतला होता, आता हिची पाळी. मी एकदा दाराकडे बघितलं, कुणी नाही असं पाहून पदरानं हलकेच ओठ टिपले, आणि खेळ पुकारायला बाहेर गेले.