कमरेवरचा हात

आयर्लंडमध्ये डून लेरीला लेकीकडे आलेले एक निवृत्त फौजदार काका मला रोज समुद्रकाठच्या बाकावर भेटतात. बोलताना त्यांचा उजवा हात सारखा कमरेवर असतो. "रिटायर झाल्यावर इथे हत्यार बाळगू देतात का?" असं ते शेजारच्या निवृत्त आयरिश पोलिसाला पुन्हा पुन्हा विचारतात. तो हसतो. "आम्हाला नोकरीतसुद्धा नव्हतं!"

काल आम्ही चिप्स घेतल्या. लेक आसपास नाही ना, हे बघून काकांनी कोटाखाली कमरेला लावलेल्या पिस्तुलाच्या जुन्या होल्स्टरमधून बाटली उपसली. ठेचा!

"काका, डॉक्टरांनी बंद केलाय ना?"

"म्हणून तर लपवून बाळगतो."

आयरिश गड्याने एक चिप त्यात बुडवून खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि दोन्ही हात वर.

काका माझ्या कानाशी पुटपुटले, "अख्ख्या नोकरीत असं पटकन कुणी शरण आलं नव्हतं."