भोवरेबाईंची शिकवणी

पंपाच्या कारखान्यात तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. पाण्यातल्या भोवऱ्यांचा विषय निघाला की ती तहानभूक विसरे, म्हणून सगळे तिला भोवरेबाई म्हणत. पंप घडण्याआधीच त्यातलं पाणी कसं वाहील ते कॉम्प्युटरवर पाहायचं, हे तिचं काम. नवख्यांना ते शिकवणं ही मात्र हौस.

शिकवणी सुरू व्हायची ती उघड्या पंपापाशी. पात्यांवरून बोट फिरवायला लावून ती म्हणे, "सगळी पाती सारखी. मग दोन पात्यांमधली एकच वाट घ्या. बाकीच्यांचा भार उगाच कशाला?"

यंदा वर्गात ड्रॉइंगवाले काका आले. हयात कागदावर गेलेली. आता ते ड्रॉइंगचं टेबलच बंद झालं होतं. काकांनी कॉम्प्युटरवर त्या वाटेचे छोटे छोटे चौकोन पाडून हिशेबाची जाळी विणली, भिंतीलगत बारीक, मध्ये सैल, इतकी सुबक की बाई बघतच राहिली. पाणी किती येणार, पात्यांचं चाक किती वेगाने फिरणार, सगळं भरलं. दुपारी पडद्यावर रंगीत चित्र उमटलं. काका खूश. पण दाब हवा त्याच्या निम्माही नव्हता.

"काका, चाक कुठल्या बाजूला फिरतंय?"

काकांनी हवेत बोट फिरवून पाहिलं आणि हात खाली घेतला. पाणी पात्यांच्या पाठीवर आदळत होतं.

"उलटं. वेगाच्या आकड्यापुढे वजाचं चिन्ह राहिलं," ते म्हणाले. "बाई, या लाकडाला आता पालवी फुटायची नाही. मला स्टोअरमध्ये पाठवा."

बाईचा हात माउसकडे गेला, पण तिने तो आवरला. नोकरीच्या सुरुवातीला तिने ड्रॉइंग उलटं धरलं होतं, तेव्हा याच काकांनी हसू दाबून नुसतं म्हटलं होतं, "पोरी, ड्रॉइंगचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात असतं."

"चिन्ह बदला आणि परत चालवा," ती म्हणाली. "तोवर मी चहा आणते."

या वेळी दाब त्या पंपाच्या प्रत्यक्ष चाचणीत आलेल्या आकड्याला जवळजवळ भिडला. काका चहा विसरून तसेच बसून राहिले.

हल्ली नवख्यांची जाळी काकाच तपासतात. भिंतीलगत ढिलाई दिसली की पुन्हा विणायला लावतात. पोरं कुरकुरत बाईकडे येतात. "मला काय विचारता? त्यांनाच विचारा," असं म्हणून ती आपल्या भोवऱ्यांत डोकं घालते.