ज्याची त्याची तीन अक्षरं

कोल्हापुरात सगळ्यात लांब इंग्रजी आमच्या थोरल्या मामांचं होतं. सगळ्यात चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. इंग्रजीत साधं पाणी मागायची वेळ आली असती तर ते तहानलेलेच राहिले असते. पण बारा अक्षरांच्या आतल्या इंग्रजी शब्दाला ते शब्दच मानत नसत. राजारामपुरीत त्यांचं सायकलींचं दुकान होतं, मागं घर. तासावर सायकल भाड्यानं देणं, पंक्चर काढणं, वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करणं हा धंदा. एकदा कुण्या साहेबाच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव होता, तिथं हवा भरायचा चांगला पंप मिळेल म्हणून ते गेले आणि उशीएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी खांद्यावर टाकून परत आले. "आन् पंप?" मामींनी विचारलं. "हुता की. पन त्यात नुसती हवाच हुती," मामा म्हणाले.

त्या डिक्शनरीतून मामांनी एक नवाच उद्योग काढला. आपल्याकडे माणसाला तीन अक्षरं फुकट मिळतात: स्वतःच्या नावाचं, बापाच्या नावाचं आणि आडनावाचं. दुकानात पाय ठेवणाऱ्याची ही तीन इंग्रजी अक्षरं मामा आधी विचारून घेत. पंक्चर कुठं झालंय हे मागाहून. मग ही तिन्ही अक्षरं त्याच क्रमानं ज्यात येतात, मध्ये दुसरी कितीका येईनात, असा लांबात लांब शब्द हुडकायचा आणि तो त्या माणसाला कायमचा बहाल करायचा. मामांच्या लेखी हीच माणसाची खरी कुंडली. शब्द सापडेपर्यंत सायकल उलटी, चाक जमिनीवर आणि गिऱ्हाईक बाकावर. "मामा, कचेरीला जायाचंय मला, चाक लावताय न्हवं?" "थांबा की पावणं! तेरा अक्षरं घावल्यात, आनि येक घावंल. तेरावरच जाताय काय?" नवल म्हणजे लोक थांबत. आपल्या नावात आणखी एक अक्षर दडलंय म्हटल्यावर कुणाचा पाय निघतोय?

मी स्वतः वसंत गणपत थोरात, म्हणजे व्ही, जी आणि टी. या तीन अक्षरांपोटी मला मिळाला 'व्हेजिटेरियनिझम'. शाकाहार! ज्या घरात रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी चौकशीला येत, त्या घरातल्या, तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून पिणाऱ्या भाच्याला हा शब्द. त्यानंतर कितीतरी वर्षं पंगतीत माझ्या ताटाशी आलं की मामा हात आखडता घ्यायचे. "ह्याला भाजी वाढा, ह्याच्या कुंडलीत तेच हाय," म्हणायचे. मी आजही हाडकं चोखताना जरा मागं वळून बघतो.

पण माझं बरं म्हणावं अशी गत शिवाजी पेठेतल्या हणमंत परशुराम चव्हाणची झाली. तालमीतला गडी, दंड माझ्या मांडीएवढा, आयुष्यात शिंकला नसेल. त्याला मिळाला 'हायपोकाँड्रियॅक'. अर्थ, आपल्याला काहीतरी रोग झालाय असं ज्याला सारखं वाटतं तो. हणमंता मोठ्यानं हसला आणि घरी गेला. त्या रात्री त्याला जरा धडधडल्यासारखं वाटलं. चार दिवसांत तो स्वतःची नाडी धरून पेठेतून चालू लागला. शेवटी तालमीचे वस्ताद दुकानात आले. "आमच्या गड्याचा शब्द बदलून द्या, कुस्त्यांचं मैदान तोंडावर आलंय." मामांनी पान्यानं कान खाजवला. "शब्द न्हाय बदलत. बापाचं नाव बदलता येतंय का बघा." वस्तादांनी मामांना उचलून डिक्शनरीसकट पंक्चर बघायच्या पाण्याच्या पिंपात बसवलं असतं, पण त्यांचीही तीन अक्षरं तेव्हा मामांकडे शोधात होती.

संस्थान विलीन झालं तेव्हा सगळं गाव हळहळलं. मामाही दोन दिवस जेवले नाहीत, पण त्यांचं दुःख वेगळं होतं. मोटारींच्या नंबरपाट्यांवरची संस्थानी अक्षरं आता बदलणार होती आणि त्यांनी गावातल्या गाड्यांना दिलेले सगळे शब्द एका फटक्यात रद्द होणार होते.

या साऱ्या उद्योगात मामांचा उजवा हात म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, शालन. मामांची बोटं कायम वंगणानं काळी. डिक्शनरीला तसला हात लागलेला त्यांना खपत नसे. म्हणून लहानपणापासून शालन बाकावर मांडी घालून बसायची, पानं उलटायची, ओळीवरून बोट फिरवायची आणि मामा लांबून मान वाकडी करून वाचायचे. "मागं घे... आनि मागं... हां, थांब!" बापलेकींचं निम्मं बोलणं एवढंच असायचं. मामी म्हणायच्या, "पोरीला सैपाक येत न्हाय, पन कंचा शबूद कुठल्या पानावर हाय त्ये झोपंत सांगंल."

त्या शालनला कागलचं स्थळ आलं. मुलगा दिनकर बाबूराव तोडकर, शाळेत मास्तर, घरी चार म्हशी. मुलगी बघायला आला तेव्हा इकडचे तिकडचे प्रश्न न विचारता त्यानं शालनला एवढंच विचारलं, "सायकल येते का?" शालन म्हणाली, "येते. पडते पन." दोघंही हसली. मामींनी त्याच संध्याकाळी मला कानात सांगितलं, पोरगी मनातून तयार आहे.

मामा मात्र म्हणाले, "आधी अक्षरं बघू." डी, बी, टी. बघता बघता पंधरा दिवस गेले. कागलहून दोनदा निरोप आला. शेवटी एका सकाळी दिनकरचे वडील, बाबूराव, स्वतःच सायकल मारत आले. घामाघूम होऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "पावणं, आमाला निपाणीचं आनि येक स्थळ सांगून आलंय. हो म्हणा न्हायतर न्हाय म्हणा, आज सांगा."

मामांनी घसा साफ केला. "इनडायजेस्टिबिलिटी."

"म्हंजी?"

"न पचणं. तुमच्या पोराचा शब्द ह्यो निघालाय. पंधरा अक्षरी. आमी काय करावं? हे काय आमाला पचायचं न्हाय."

मामींनी आतून पदर डोळ्याला लावलेला मला दिसला. बाबूराव माझ्याकडे बघू लागले. घरात शहाणा एखादा तरी असेल अशी त्यांची आशा असावी. मी छताकडे बघितलं.

तेवढ्यात शालन बाहेर आली. पाहुण्यांसमोर मुलीनं असं यायची रीत नव्हती, पण ती आली, बाकावर मांडी घालून बसली आणि डिक्शनरी मांडीवर घेतली. मामांनी 'मागं घे' म्हणायच्या आतच तिनं पानं मागं घेतली. थोडीच. एका ओळीवर बोट ठेवलं.

"आबा, ह्ये वाचा."

मामा वाचेनात. तेव्हा तीच एकेक तुकडा पाडत वाचू लागली. "इन-डिस्ट्रक-टिबिलिटी. ह्यात डी हाय, बी हाय, टी हाय. सतरा अक्षरं."

"अर्थ काय, बाई?" बाबूरावांनी विचारलं.

"कधी न मोडणं," शालन म्हणाली.

मामा बारीक आवाजात म्हणाले, "पान चिकटलं असंल. पंक्चरचं सोल्यूशन सांडलं असंल."

"डिक्शनरी मी पुसते रोज, आबा," शालन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आनि तुमी वरनं खाली वाचत येताय. त्यो शब्द आधी येतोय."

मग मला कळलं. ज्या माणसानं एका जास्तीच्या अक्षरासाठी गिऱ्हाइकाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, तो आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम आखूड शब्दावर थांबला होता. आणि ज्या बोटानं त्याला सगळे शब्द दाखवले, ते बोट तेव्हाही त्याच ओळीवरून गेलं होतं. शालनला हे पंधरा दिवस ठाऊक होतं. ती वाट बघत होती, बाप आपणहून तो शब्द सांगतोय का.

मामांनी बराच वेळ फडक्याला हात पुसले. मग बाबूरावांना म्हणाले, "सतरा म्हंजी चांगलं हाय. मुहूर्त बघा."

चहा झाला. साखर वाटली गेली. बाबूराव निघाले तेव्हा मामा म्हणाले, "थांबा, हवा बघतो. लांब जायाचंय." त्यांनी पंप लावला आणि आमच्याकडे पाठ करून ते हवा भरू लागले. पुढचं चाक झालं, मागचं झालं, पुन्हा पुढचं धरलं. टायर दगडासारखा टणक झाला तरी पंप खाली-वर चाललेलाच.

"अवो पावणं," बाबूराव घाबरून म्हणाले, "फुटंल की!"

"न्हाय फुटत," मामा म्हणाले, पण मान वर केली नाही.