दंडावरची निळी बोटं

आमची मावशी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढते. तीस वर्षं झाली. सुई टोचण्याआधी प्रत्येकाला दरडावते, "काय काय घेता ते खरं सांगा, माझ्याशी लपवाछपवी चालायची नाही." मोठमोठे साहेब तिच्यापुढे भडाभडा बोलून मोकळे होतात. आणि तिच्याच नवऱ्याने तिच्या हातावर तुरी दिल्या!

काकांच्या पायात मागे एकदा रक्ताची गाठ झाली होती, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. कुणा मित्राने सांगितलं, हाडांना व्हिटॅमिन के चांगलं. झालं! काकांनी बाटली आणली, बुटांच्या खोक्यात दडवली आणि एकाऐवजी रोज दोन कॅप्सूल गिळू लागले. हे के त्या गोळीच्या नेमकं उलट काम करतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तपासणीत रक्त घट्ट दिसलं, डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुन्हा वाढवली.

मग बाटली मावशीच्या हाती लागली. ती अशी भडकली की सगळ्या कॅप्सूल बेसिनमध्ये ओतल्या. डॉक्टरांकडे मात्र अवाक्षर काढलं नाही. जगाला दटावणारीच्या घरात हे, सांगायचं कोणत्या तोंडाने? मला अजून तिचा राग येतो.

आठवड्याभराने काका अंघोळ करून बाहेर आले, तर दंडावर चार निळे पट्टे आणि पलीकडून अंगठा. कुणी आवळून धरल्यासारखे.

"कुठे आपटलात?"

"कुठेच नाही गं."

दुसऱ्या दिवशी तसेच खांद्यावर. तिसऱ्या दिवशी मानेजवळ. घरात दोघंच, दाराला आतून कडी. मी भेटायला गेले तेव्हा काका हसून म्हणाले, "भूत लागलंय मला. पण प्रेमळ दिसतंय." त्यांचे दात हिरड्यांतल्या रक्ताने लाल झाले होते.

मावशी पुढे झाली आणि तिने आपली बोटं त्या डागांवर ठेवली. एकेक बोट बरोबर बसलं. काका घोरू लागले की झोपेतच त्यांना धरून कुशीवर वळवायची तिची जुनी सवय.

"अगं बाई, मीच," एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात तिने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर संतापले. "एरवी माणसाला लागतं तेवढं के पालेभाजीतून मिळतं. यांनी आम्हाला न विचारता सुरूही करायचं नव्हतं आणि तुम्ही बंदही करायचं नव्हतं. त्या कॅप्सूल पोटात जात होत्या म्हणून तर गोळी एवढी वाढली, बाई! त्या बंद झाल्या आणि तेवढ्याच गोळीने रक्त फार पातळ झालं, जरा दाबलं तरी डाग!" मग काकांना शिरेतून औषध दिलं, तेच व्हिटॅमिन के. मावशी भिंतीला टेकून उभी होती.

काका वाचले. आता ठणठणीत आहेत, घोरतातही दणकून. परवा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते. मावशी पलंगाच्या पार कडेला, त्यांच्याकडे पाठ करून झोपली होती. दोन्ही हात स्वतःच्या काखेत घट्ट दाबून.